सोबतीला केवलराम

कुणाच्या डोळ्यात खुपावा असा माणूस केवलराम नव्हता, पण त्या वर्षी लेंटच्या उपासाच्या दिवसांत तो अंजनाबाईच्या डोळ्यात फार खुपला.

तिचे यजमान देवीदास मालगाडीचे गार्ड होते. रिटायर झाल्यावर चरोदा या रेल्वेच्या गावातच घर बांधून राहिले. नाताळाच्या आधी त्यांना लकवा मारला, उजवं अंग गेलं. तेव्हापासून त्यांना भरवणं, अंघोळ घालणं, पायाला तेल चोळणं, सगळं अंजनाबाईनंच केलं. रोज चालवा, असं डॉक्टर म्हणाले, तशी ती कंबरेला धरून त्यांना अंगणात न्यायची. चार पावलं झाली की ते खाटेवर बसून घ्यायचे.

लेंटच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, पाळकसाहेबांनी चर्चमध्ये सांगितलं की या चाळीस दिवसांत नुसता उपास करू नका, रोज कुणासोबत तरी थोडं चाला. अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य चालत होते, तेव्हाच प्रभू येशू त्यांच्या सोबतीला आला. अंजनाबाईला वाटलं, हे आपल्या दोघांसाठीच आहे. तिनं देवीदासांचे कापडी बूट धुऊन वाळत घातले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता देवीदासांनी ते बूट घातले, काठी घेतली आणि केवलरामसोबत निघून गेले.

केवलराम त्यांच्याच रेल्वे यार्डात कामाला होता, दोन गल्ल्या सोडून राहायचा. त्याचा चर्चशी काही संबंध नाही, मंगळवारी हनुमानाच्या देवळात जायचा. दोघं रोज थांबत थांबत जवळच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचे आणि हसत परतायचे. आजारपणानंतर नवऱ्याचं हसू तिनं पहिल्यांदा ऐकलं ते असं, फाटकाबाहेरून. घरात पाऊल पडलं की ते गप्प.

तिनं केवलरामच्या चहात आलं घालणं बंद केलं. एका सोमवारी तर त्याला दारातूनच सांगितलं की हे झोपले आहेत. आत देवीदास बूट घालून तासभर वाट पाहत बसले. तिला दिसत होतं, तरी ती बोलली नाही.

मग एकदा विचारलंच, "माह्यासंग कावून नाही चालत तुमी?"

"पाहू," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी ती लांबून त्यांच्या मागे गेली. टाकीजवळ देवीदासांचा पाय दुमडला आणि ते पडले. ती धावली, पण थोडं पुढे जाऊन थबकली. केवलरामनं त्यांना उचललं नाही. तो शेजारी जमिनीवर बसला आणि काहीतरी सांगत राहिला. देवीदासांनी काठी रोवली, दोनदा घसरले, तिसऱ्यांदा उभे राहिले. मग केवलरामही उठला.

अंजनाबाई आडवाटेनं घरी आली. तिचा जीव आणखीच जळत होता. असं बसून राहणं तिला जमलं नसतं, हे तिला कळून चुकलं होतं.

दिवेलागणीला ती त्यांच्या खरचटलेल्या कोपराला हळद लावत होती. देवीदास सावकाश म्हणाले, "तुह्यासमोर पडलो का तू रडतेस. मंग मले पाय उचलाचीच भीती वाटते."

तिनं हळदीची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "त्या सोमवारी केवलराम आले होते. मीच वापस पाठवलं."

देवीदासांनी तिच्याकडे पाहिलं. "त्याले सांग."

सकाळी ती स्वतः केवलरामच्या घरी गेली आणि सगळं सांगितलं. तो भाजी निवडत बसला होता. "पता है भाभी," तो म्हणाला. "खिड़की से दिख रहा था, जूते पहनके बैठा था."

इतके दिवस त्यानं हे देवीदासांना सांगितलं नव्हतं. अंजनाबाईला शरम वाटली, आणि या माणसाच्या अशा मनाचाही हेवा वाटला. प्रार्थनेत तिनं दोन्ही गोष्टी कबूल केल्या.

गुड फ्रायडेला देवीदास म्हणाले, आज चर्चपर्यंत पायी जायचं, तूही चल, फक्त हात धरू नको. केवलराम चर्चच्या फाटकापर्यंत सोबत आला. दोघं पुढे, ती चार पावलं मागे. वाटेत केवलराम काहीतरी बोलला आणि देवीदास मान मागे टाकून हसले. तिच्या काळजात पुन्हा कळ आली. तिनं हात पदरात गुंडाळून घेतले आणि त्यांच्या संथ चालीनं चालत राहिली.