पट्टीवर उभं राहणारं माणूस

राजधानीतून डोंगरातल्या वस्त्यांना जाणारी आमच्या कंपनीची विमानं इतकी लहान, की प्रवाशाला सामानासकट काट्यावर उभं करावं लागतं. ते काम माझं. आकडा ऐकून लोक माझ्यावरच डाफरतात, जसं काही मीच त्यांना खाऊ घातलंय. त्या दिवशी मात्र काट्यावर मी स्वतः उभी होते.

आदल्या संध्याकाळी आईचा फोन आला होता. बाबांचा ताप उतरत नाही, ये, म्हणाली. आई सहसा ये म्हणत नाही. गावापर्यंत धड रस्ता नाही आणि विमान आठवड्यातून एकदा. सगळ्या जागा भरलेल्या होत्या. कॅप्टननी सिमेंटची पोती उतरवायला लावली आणि मला मागच्या घडीच्या खुर्चीवर बसवलं.

बाबा आमच्या गावच्या धावपट्टीचे राखणदार. पट्टी कसली, उतारावरचं गवतच ते. विमान आधी गावावरून एक घिरटी घालतं. तेवढ्यात बाबा शेळ्या हाकलतात, नारिंगी जॅकेट चढवून टोकाला उभे राहतात आणि वारा कुठून येतोय ते निशाण धरून दाखवतात. जॅकेट दिसलं नाही, तर विमान आल्या पावली परत. मी जन्मले तेव्हाही ते पट्टीवरच होते, हे आई अजून ऐकवते.

देवाधर्माची मी नाही, पण वाटभर दिसेल त्या डोंगराला हात जोडले. बाबा एकदा डोळ्यांनी दिसू देत, एवढंच मागणं होतं.

घिरटी घालताना कॅप्टननी वळून मला खाली बघायची खूण केली. पट्टीच्या टोकाला नारिंगी ठिपका होता, निशाण ताठ. माझा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ रागही आला. अंगात ताप आणि हा माणूस वाऱ्यात उभा! मला उगीच धावत बोलावलं म्हणून आईवरही चिडले. दोघांना काय काय सुनवायचं ते उतरेपर्यंत मनात तयार होतं.

दार उघडताच मी पळत सुटले. जवळ गेले तर जॅकेट गुडघ्यापर्यंत लोंबत होतं आणि बाह्या दुमडलेल्या होत्या. आत आई होती.

"पहाटे गेले," ती म्हणाली. "तू विमानात होतीस. कोणीतरी उभं राहायला हवं होतं."

काका मागे उभे होते. मी जातो म्हणून त्यांनी परोपरीनं सांगितलं होतं, पण तिनं निशाण कोणाच्या हाती दिलं नव्हतं. मी तिला घरी चल म्हणून ओढलं. ती जागची हलली नाही. विमान उडेपर्यंत पट्टी सोडायची नसते. कॅप्टन जवळ आले, टोपी काढून उभे राहिले. त्यांना काही बोलता येईना. माझ्या पाठीवर हात ठेवून ते परत गेले.

विमान डोंगराआड दिसेनासं झालं, तेव्हा तिनं निशाण खाली केलं.

"वरून नीट दिसत होते का गं मी?"

"आम्हाला बाबाच वाटले," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग तिथेच गवतात बसली आणि जॅकेटच्या बाहीत तोंड लपवून रडायला लागली.