बाबांच्या होल्डनमध्ये फोर्डचा ब्रेक

"तुला धड ती जुनी गाडी सांभाळता येत नाही, बापाला काय सांभाळणार?" माझा भाऊ डॅरिल म्हणाला. "बाबांची किंग्सवुड सरकारी तपासणीत पास करून दाखव, नरेल, मग खुशाल आण त्यांना घरी."

वर हसला. मी तिथेच पेटले. बाबांना पार्क्स गावच्या वृद्धाश्रमात ठेवून चार महिने झाले होते आणि रोज फोनवर त्यांचा एकच प्रश्न असायचा, "कधी नेतेस?"

बाबांची गाडी म्हणजे एकाहत्तर सालची होल्डन किंग्सवुड. इंजिन ठणठणीत होतं, पण ब्रेकला दाब देणारा मास्टर सिलिंडर आतून गंजून गेलेला. डबोपर्यंतचे सगळे भंगारवाले पालथे घातले. "अहो बाई, तो आता कुठला मिळायला!" हे उत्तर इतक्यांदा ऐकलं की शेवटी मी फोन आपटायला लागले. ऑरेंजच्या एकाने नंतरच्या मॉडेलचा पाठवला, तर त्याचा दांडा आखूड.

उरला लिंडसे पास्को. त्याच्या आवारात नुसत्या फोर्ड फाल्कन. आमचे बाबा कट्टर होल्डनवाले; फोर्डवाल्याच्या घरचा चहासुद्धा त्यांनी कधी घेतला नाही. सख्ख्या भाचीने फोर्डमधून वरात काढली, तर हा माणूस लग्नाला गेला नाही.

"मर्व्हची पोरगी, आणि माझ्या फाटकात?" लिंडसे म्हणाला. "बाथर्स्टच्या मोटारशर्यतीला तुझ्या बापाने इथे होल्डनचा झेंडा खिळ्यांनी ठोकला होता."

"काढलात की नाही?"

"कोंबड्यांच्या खुराड्यावर घातलाय. पाऊस बरा अडतो." मग त्याने माझ्या हातातला गंजका सिलिंडर उलटसुलट करून पाहिला. "दोन्ही कंपन्यांना ब्रेक एकाच कारखान्यातून यायचे गं. आतलं सारखंच आहे. बोल्टची भोकं तेवढी जरा सरकलेली. कानस मार, बसेल."

त्याने एका फाल्कनमधला काढून दिला. पैसे घेईना. म्हणाला, "पण मर्व्हला सांगायचं. माझ्यासमोर शपथ घे."

घेतली. दोन दिवस कानस घासली, बोटं सोलून निघाली. गाडी पहिल्या फटक्यात पास झाली. डॅरिलने तपासणीचा कागद उलटा करूनही पाहिला, मग बाबांना वृद्धाश्रमातून सोडवण्याच्या अर्जावर मुकाट्याने सही केली. "बाबांना मात्र ब्रेकचं सांगू नकोस हं," म्हणाला. लिंडसे सोडून सगळे तेच म्हणत होते. मला नव्हतं लपवायचं. आयुष्यभर या माणसाची मर्जी सांभाळली, आता पुरे झालं.

वृद्धाश्रम चढावर आहे. बाबा वॉकर धरून दारात उभे होते, कोट घालून, बटणं लावून. गाडी पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की माझाच धीर सुटायला आला. तरी सांगितलं.

"फोर्डचा?" बाबा म्हणाले. "माझ्या गाडीत? त्यापेक्षा मी चालत येईन."

"मग चाला."

आणि निघाले की! शंभर किलोमीटरवर घर, वय शहाऐंशी. पाठीमागून नर्स ओरडतेय, "अहो मर्व्ह, थांबा!" मी ब्रेकवर पाय ठेवून गाडी त्यांच्या शेजारून हळूहळू उताराला सोडली. ते चार पावलं टाकत, थांबत. मीही थांबत होते. मला राग येत होता आणि रडूही येत होतं.

फाटकाशी ते टेकले. धाप लागली होती. नजर चाकावर.

"ब्रेक दाबला की ओढते का एका बाजूला?"

"नाही."

"पायाला मऊ लागतो?"

"घट्ट आहे. तुमच्यासारखा."

त्यांनी दार उघडलं, कण्हत आत बसले. मी वॉकर मागे टाकला.

"घरी पोचलो की काढून टाक तो ब्रेक," बाबा म्हणाले.

"नाही काढणार."

"नरेल!"

"नाही म्हणजे नाही. फोर्डचा ब्रेक गाडीतून निघणार नाही, आणि तुम्ही घरातून निघणार नाही. डॅरिलला काय बोंबलायचंय ते बोंबलू दे."

बाबांनी काच खाली करून कोपर बाहेर काढलं.

"मग थांबलीस कशाला?" ते म्हणाले. "लिंडसेच्या फाटकावरून घे. हॉर्न वाजवायचाय मला."