पाणाड्याची काठी आणि बंबाची गाडी

शनिवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांपेक्षा माणसांचाच वास जास्त येत होता. एरवी मक्याची भाकरी संपली की घरची वाट धरणारी मंडळी आज खुर्च्या अडवून बसली होती. मधे इनॉक पर्डी डोळे मिटून उभा. त्याच्या दोन्ही मुठींत पीचच्या झाडाची दुबेळकी, बेचकीसारखी काठी होती.

"थरथरली! बघा, थरथरली!" विधवा अर्मा ओरडली आणि तिच्या हातातला घेवडा शेजाऱ्याच्या मांडीवर सांडला.

अमेरिकेतल्या ओझार्कच्या या डोंगरांत विहीर खणायची तर आधी पाणाड्याला बोलवायचं, हा बापजाद्यांचा रिवाज. काठी जिथे वाकेल तिथे खणायचं. इनॉकचा बाप पाणाड्या, आजा पाणाड्या. इनॉकने पाणी शोधणं सोडलं आणि अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू शोधायला घेतले. मोबाइलवर पैसे लावून मनाजोगता संघ रचायचा, रविवारी खरे खेळाडू मैदानावर पळतील तसे आपल्याला गुण, आणि गुण जास्त त्याला बक्षीस, असा तो खेळ. सगळी दुनिया आकडे बघून संघ रचायची. इनॉकच्या भक्तांना मात्र काठी संघ सांगायची.

"गेल्या रविवारी मी जिंकलो!" न्हावी क्लोव्हिस खुर्चीवर चढला. "काठीनं सांगितलेला संघ जसाच्या तसा लावला!"

"आमेन!" सगळे एका सुरात म्हणाले.

"लेकरांनो," इनॉक म्हणाला, "काठीला दर आठवड्याला एकच संघ दिसतो. तो मी ज्याच्या त्याच्या कानात सांगतो. पण कुणाला बोललात की काठी निजते. आणि हरलात, तर काठी चुकली नाही. तुमच्या मनात शंका होती."

"आमेन!"

कोपऱ्यात डेल्मर हेन्स्ली बसला होता. तो गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा प्रमुख. बंबाची गाडी इतकी म्हातारी की चढावर खोकायची. अर्माचं धान्याचं कोठार जळालं तेव्हा गाडी पोचली ती राख विझवायला. तेव्हापासून गाव दर शनिवारी तळलेले मासे विकून नव्या गाडीसाठी निधी जमवत होतं. त्या निधीच्या पेटीची किल्ली आज डेल्मरच्या खिशात होती, आणि सगळं तळघर त्या खिशाकडे बघत होतं.

"पेटी माझ्या हाती द्या," इनॉक म्हणाला, "वसंतात नवी गाडी दारात! पण मोबाइलवरच्या कंपनीकडे नको, सगळ्यांचे पैसे एकत्र करून मी माझ्याच हंड्यात खेळवतो. का? तर सरकारनं कायदा केलाय! म्हणे, खेळ चालवायचा तर परवाना घ्या, मिळकतीवर कर भरा, कोण किती संघ उतरवतो ते उघड सांगा. देवाच्या देणगीवर कर, बंधूंनो!"

"शिव शिव! सरकारला लाज कशी नाही!" असंच काहीतरी अर्मा तिच्या भाषेत पुटपुटली.

मागच्या दारातून लव्हॉनबाई आत आल्या. निवृत्त शिक्षिका. त्या तळघरातल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाढे शिकवले होते आणि बाकीच्यांना शिकवायचा प्रयत्न केला होता.

"इनॉक, कर त्या कंपनीच्या मिळकतीवर आहे रे. देवाचा त्यात काय संबंध? की देव तुझ्या हंड्यातून टक्का घेतो?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"बाई, तुम्हाला श्रद्धेतलं काय कळणार?"

"कमीच कळतं. कायद्यातलं थोडं कळतं. हा खेळ सरकार चालू देतं, कारण तो डोक्याचा खेळ आहे असं मानतं. तू सांगतोस, डोकं लागतच नाही, काठीच सगळं करते. मग हा जुगार झाला. डोक्याचा खेळ असेल तर परवाना काढ, काठीचा असेल तर फौजदाराला उत्तर दे. कोणता दरवाजा उघडू?"

इनॉकने घसा खाकरला. "काठी... डोक्याला मदत करते."

"बरं. एकच संघ दिसतो ना तिला?"

"एकच!"

"मग मंडळी, तुम्ही 'आमेन' किती छान एका सुरात म्हणता! तसंच, काठीनं उद्यासाठी सांगितलेल्या क्वार्टरबॅकचं, चेंडू फेकणाऱ्याचं, नाव एकदम मोठ्यानं घ्या. संघात तो एकच असतो."

"नको!" इनॉक ओरडला. "काठी निजेल!"

"निजू दे बिचारी. थरथरून दमली असेल."

प्रत्येकजण शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला. डेल्मर उठला. काठीच्या नादानं तो स्वतः किती रविवार हरला होता, हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. आपल्याच मनात खोट आहे असं समजून तो मूग गिळून बसला होता.

"मी सांगतो," तो म्हणाला. "माझ्याबरोबर बोला. एक, दोन, तीन! ड्रमंड!"

"सालाझार!" "बोगार्ड!" "व्हिटफील्ड!" "टिबेट्स!"

छप्पर दणाणलं. आजवर त्या तळघरात इतकं बेसूर आमेन कुणी ऐकलं नव्हतं.

"ए, तुझा बोगार्ड? मला तर व्हिटफील्ड सांगितला!" क्लोव्हिस म्हणाला.

"समजलं का?" लव्हॉनबाई म्हणाल्या. "इतक्या जणांना इतके वेगळे संघ दिले, की एखादा लागणारच. ज्याचा लागतो तो खुर्चीवर चढतो. बाकीच्यांची तोंडं 'शंका होती' म्हणून आधीच शिवलेली. एकेकाच्या कानात सांगायचं कारण हेच. कोण किती संघ उतरवतो ते उघड सांगा, ही कायद्यातली अट इनॉकला बोचते तीही याचसाठी."

"पण बाई," डेल्मर हळूच म्हणाला, "माझ्या विहिरीला पाणी लागलं ते याच्या बापाच्या काठीनंच."

"तुझ्या शेजाऱ्यानं विहीर कुठे खणली?"

"त्यानं? काठीवाल्याला पैसे द्यायला नकोत म्हणून कुंपणाला लागून. सोयीची जागा."

"आणि पाणी?"

डेल्मर हसायला लागला. "लागलं की! या दरीत कुठेही खणा, लागतंच!"

हशा ओसरेपर्यंत इनॉक दारातून निसटला होता. काठी टेबलावरच राहिली. अर्माने ती उचलून घेवड्याच्या वेलाला टेकू म्हणून नेली. वेल चांगला चढला, आणि त्याला चमत्कार कुणी म्हटलं नाही.

नवी गाडी वसंतात आली नाही. मासे तळता तळता पुढल्या पानगळीत आली, पण चढावर खोकत नाही. तिच्या दारावर डेल्मरने स्वतःच्या हाताने रंगवलंय: "जिंकलेल्याची गोष्ट ऐकाल, तेव्हा हरलेल्यांनाही हाक मारा." मित्रहो, एवढंच करा. कानात सांगितलेलं सत्य चारचौघांत मोठ्यानं म्हणून बघा. ते खरं असेल तर एका सुरात उमटेल.