पडायला शिकवणारे सर

"सहा महिने! सहा महिने तो माणूस पोरांना नुसतं पडायला शिकवायचा," चॅम्पियन म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले. उजवं मनगट मोडलेलं असताना इतकं हसू येणं ही काही साधी गोष्ट नव्हे. पण समोर ऐकणारं कुणी असलं की काही माणसांचं दुखणं आपोआप कमी होतं.

ऐकणारे तिघं होते. चॅम्पियनना घेऊन आलेला त्यांचा मेहुणा, कागद सांभाळत दारात उभ्या असलेल्या सिस्टर आणि बादलीत कोमट पाणी ओतणारे प्लास्टरमामा. हॉस्पिटलच्या या खोलीत बत्तीस वर्षं हाडं बांधता बांधता ते सगळ्यांचे मामा झाले होते. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. पेशंटला बोलू द्यायचं आणि आपण गुपचूप पट्टी गुंडाळायची, हा त्यांचा शिरस्ता. बोलणाऱ्याचं लक्ष दुखण्यावर नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

चॅम्पियन म्हणजे मोठ्या ज्यूदो अकादमीचे मालक. कंबरेला काळा पट्टा, ऑफिसात भिंतभर कप. काल सकाळी बाथरूममध्ये साबणावरून घसरले आणि तोल जाताना हात पुढे टेकला.

"एवढं पडायला शिकवलं होतं, तर मग हात कसा मोडला?" सिस्टरनी विचारलं. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात खोटही नव्हती.

"मी कसला शिकतोय! चौथ्या महिन्यातच रामराम ठोकला. लाकडाच्या वखारीमागं पत्र्याची शेड, भुसा भरलेल्या गाद्या. तो काय क्लास होता?"

जाळीचा मोजा चॅम्पियनच्या हातावर चढवता चढवता मामा थांबले. वखार म्हणताच त्यांना ओल्या लाकडाचा वास आला. संध्याकाळी सहाला करवत बंद व्हायची आणि मग सायकल भिंतीला टेकवून सर आत यायचे. दिवसभर टाइपरायटर दुरुस्त करून त्यांची बोटं काळी झालेली असायची. "हनुवटी छातीला लावा. हात टेकू नका, तळवा आपटा," सर सांगायचे. "जमीन काही तुमची वैरी नाही. तिच्याशी भांडायला जाऊ नका." वीस पोरं एकदम पडली की पत्रा थरथरायचा आणि वखारीचा मालक पलीकडून शिव्या घालायचा. त्या शिव्याही मामांना आता गोड वाटत होत्या. सात वर्षं ते तिथं पडले आणि उठले. तितके सुखाचे दिवस पुढं फारसे आले नाहीत.

मामांनी कापूस गुंडाळला. पहिली पट्टी पाण्यात सोडली, बुडबुडे थांबल्यावर हलकेच पिळली आणि मनगटावरून फिरवायला घेतली.

"आणि गंमत म्हणजे," चॅम्पियनना आता रंग चढला होता, "त्याच्याकडे काळा पट्टाच नव्हता! तपकिरी पट्ट्यावर गुरू होऊन बसला होता. सगळा बोगस कारभार."

"मग आता कुठं असतात?" मेहुण्यानं विचारलं.

"माझ्याकडेच! तीन महिने झाले. सकाळी मॅट पुसतो. काम मागायला आला होता. मी म्हटलं, गुरुजी, आम्हाला पडायला शिकवलंत, आता तुम्ही पुसायला शिका."

मेहुणा हसला. सिस्टर हसल्या नाहीत.

"मामा, बोटांना मुंग्या येतायत," चॅम्पियन म्हणाले.

मामांनी खाली पाहिलं. पट्टीचे शेवटचे दोन वेढे चांगलेच आवळले गेले होते. प्लास्टर आवळलं की बोटं निळी पडतात, हे नव्याला पहिल्याच दिवशी शिकवायचं. सगळा राग हातात उतरला होता आणि समोरचा हात एका पेशंटचा आहे हे मामा विसरले होते. मामांना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांनी भराभर पट्टी उलगडली आणि चिखल झालेला तो गोळा टोपलीत टाकला.

"चुकलं माझं. पुन्हा बांधतो."

"मामा, तुमचं चुकलं?" सिस्टर बघतच राहिल्या.

मामांनी नवी पट्टी पाण्यात सोडली.

"साहेब," ते म्हणाले, "जरा मानानं बोला. ते माझे सर आहेत."

चॅम्पियननी त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतका वेळ पाहिलंच नव्हतं.

"तुम्ही होता वखारीत?"

"सात वर्षं. तुमच्या बरंच आधी."

"मग तुम्हीच सांगा ना. खोटं बोलतोय का मी? होता त्यांच्याकडे काळा पट्टा?"

"नव्हता," मामा म्हणाले. पट्टी आता सैलसर, एकसारखी फिरत होती. "तीन वर्षांतून एकदा परीक्षा असायची, लांबच्या शहरात. सर आठ महिने पहाटे उठून तयारी करत होते. जायच्या दिवशी सकाळी मी मित्रांपुढं ऐट मारायला गच्चीवर डाव टाकला, सिमेंटवर. गादीशिवाय डाव टाकायचा नाही, ही सरांची पहिली अट. माझंच कोपर मोडलं. सर स्टेशनला निघाले होते, बॅग खांद्यावर. कुणीतरी त्यांना सांगितलं. ते बॅगेसकट इथं आले. याच खोलीत, त्या स्टुलावर बसले. गाडीची वेळ झाली. मी म्हटलं, सर, जा. तर म्हणाले, परीक्षा पुन्हा येईल, कोपर पुन्हा मिळत नाही."

"मग? पुन्हा नाही दिली?"

"तीन वर्षांनी त्यांचा गुडघा कामातून गेला होता. त्यांचा पट्टा माझ्यामुळं गेला, साहेब. त्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं, बायकोलासुद्धा. आज तुम्हाला सांगतोय. बोगस म्हणायचंच असेल तर मला म्हणा."

मामा तळव्यानं ओलं प्लास्टर गुळगुळीत करत राहिले. चॅम्पियन खिडकीकडे बघत होते.

"मला काय माहीत हे," ते पुटपुटले. "तसं मी त्यांना काही त्रास देत नाही."

"वाळेपर्यंत हात हलवू नका. बोटं हलवत राहा," मामा म्हणाले.

ते दोघं गेल्यावर सिस्टरनी मामांपुढं चहाचा कप ठेवला. "चांगली जिरवलीत," त्या म्हणाल्या. मामांना मात्र काही जिंकल्यासारखं वाटेना. वखार विकली गेली, क्लास मोडला, सर लेकीकडे राहायला गेले असं कुणीतरी म्हणालं आणि ते मामांना सोयीचं वाटलं. आधी नोकरी, मग लग्न, मग आईचं आजारपण, सरांना भेटायला जाणं राहतच गेलं. नंतर तर कुठल्या तोंडानं जायचं हाच प्रश्न. चॅम्पियन चार महिन्यांत निघून गेले होते, पण निदान सरांना ओळखत तरी होते, काम तरी दिलं होतं. आपण काय दिलं? चहा निवून गेला तरी मामा स्टुलावरून उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीच्या आधी मामा अकादमीत गेले. काचेचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत मोठा हॉल, निळ्या मॅट, भिंतीला आरसे. मधोमध एक म्हातारा एक पाय लांब करून बसला होता आणि ओल्या फडक्यानं मॅट पुसत होता. एक चौकोन पुसून झाला की तो हातांवर भार देऊन पुढं सरकायचा. पाठ तेवढी तशीच होती, ताठ.

मामांनी दाराशी बूट काढले. काय बोलायचं ते रात्रभर ठरवून आले होते. त्यातला एक शब्द आठवेना.

म्हाताऱ्यानं वळून पाहिलं. डोळे बारीक केले, पण ओळख पटली नाही.

"नवीन लागलात का कामाला?"

मामांना नाही म्हणवेना. "हो, सर," ते म्हणाले.

"मला सर म्हणू नका," म्हातारा घाईघाईनं म्हणाला आणि त्यानं दाराकडे एक नजर टाकली. "सर दहाला येतात. तिथं दुसरं फडकं आहे बघा. कोपऱ्यापासून घ्या, मधलं माझं झालंय."

मामांनी फडकं पिळलं. कोपऱ्यात जाऊन गुडघे टेकले.

"बरं, सर," ते म्हणाले आणि पुसायला लागले.