गच्चीवरचा फोटो

आमच्या दशरथरावांना अक्कल नाही असं मी म्हणणार नाही, पण मोबाईल हातात आला की ती गहाण पडते.

शुक्रवारची सुट्टी. बहरीनमध्ये, गुदैबियातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ह्यांनी शेगडी पेटवलेली. चार किलो बीफ, अख्खा गोळा! वर्कशॉपातल्या हाशिमनं ह्यांना शिकवलेलं, कोळसे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, झाकण लावायचं आणि उघडायचं नाही. मला पटेना. आमच्याकडं मांस म्हणजे बारीक फोडी, येसूर घालून पातेलंभर रस्सा, आल्यागेल्याला पुरला पाहिजे. मी सारखी झाकण उचलून सुरी खुपसत होते.

"अगं, सगळा रस चाललाय बाहेर!" हे ओरडले.

"आत कच्चं राहिलं म्हणजे? पोरीच्या पोटाचं काय?"

शेवटी मांस शेगडीवरून उतरवलं. बाहेरून काळंभोर, मस्त दिसत होतं, खोटं कशाला बोलू. ह्यांनी फोटो काढला आणि माझ्या माहेरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आज पार्टी!'

ग्रुपवर माझा धाकटा भाऊ प्रबुद्ध आहे आणि तो मराठवाड्यात, आमच्या गावात राहतो. तिकडं ह्या मांसाला बंदी. नुसत्या संशयावरून माणसाला घरातून ओढून काढतात. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात एकाचे दोन्ही हात मोडले.

"डिलीट करा! आत्ताच्या आत्ता!"

"घरचीच तर माणसं आहेत," असं पुटपुटत ह्यांनी फोटो काढून टाकला. "खलास. गेला. उगाच जीव खातेस."

गेला कुठला! भावजयीनं तोवर कौतुकानं स्टेटसला लावलेला. 'आमच्या वन्सं, बहरीन.' मी तिला फोन लावला, बंद. प्रबुद्धला लावला, उचलेना. परत लावला. मेलं ते रिंग वाजणं, काळजावर घण घातल्यागत वाटत होतं. वाटलं, ह्यांचा तो मोबाईल शेगडीत घालावा.

तेवढ्यात त्याचाच व्हिडिओ कॉल आला.

प्रबुद्ध ओट्यावर बसला होता. दोन्ही अंगांना दोन माणसं, त्याला खेटून. एकाला मी ओळखत होते, आमच्याच आळीवरून शाळेत जायचा. प्रबुद्ध जयभीम म्हणाला नाही. त्याचा फोन कधीच जयभीमशिवाय सुरू होत नाही.

"ताई, हे विचारायला आलेत. मेंढ्याची मांडी आहे ना ती फोटोतली?" तो हसत होता. नुसते ओठ हसत होते.

"मेंढ्याचीच रे," मी म्हणाले. "दुसऱ्या कशाची असणार?"

"हाड दिसत नाही," तो ओळखीचा म्हणाला.

"इथले खाटीक हाड काढून देतात, भाऊ."

माझी लेक श्रावस्ती शेजारी येऊन उभी होती. तिला मराठी सगळं कळतं. "बट मम्मा, दॅट्स..."

ह्यांनी गरम तुकडा तिच्या तोंडात कोंबला. पोर भाजली, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"भूक लागलीय तिला," मी हसून म्हणाले. कशी हसले, माझं मला माहीत.

ते दोघं माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग फोन कट झाला.

आम्ही तिघंही मांसाला हात न लावता बसलो. बऱ्याच वेळानं प्रबुद्धचा मेसेज आला, 'गेले.' ह्यांनी सुस्कारा सोडला.

श्रावस्तीनं तोंड पुसलं. "नोबडी केअर्स हिअर, मम्मा. मग खोटं का बोललीस?"

"इथं कुणाला पडलीय गं? पण मामा तिथं राहतो."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. मी घाईनं बघितलं. प्रबुद्ध ग्रुपमधून बाहेर पडला होता.