तालिगाच्या घराची किल्ली

नोटरीकडे कासिल्दा आली होती ती नुसती नवऱ्याशेजारी, बाल्दोमेरोशेजारी, बसायला. बाग त्याच्या बापाची, तेव्हा सही त्याची. चौतीस हिवाळे तिथली ऑलिव्हं झोडून हिचे खांदे कामातून गेले, पण बाग त्याची ती त्याचीच. ती सोलरवाल्यांना विकायची, झाडं उपटायची, असं त्यानं परस्पर ठरवलं तेव्हा ती चुलीपाशी पोटभर रडली आणि गप्प बसली. बोलणार कोणत्या तोंडानं?

"बाईंचीही सही लागेल," नोटरीबाई म्हणाल्या.

"तिची कशाला? वारशाची आहे. वारसा ज्याचा त्याचा, टीव्हीवर माद्रिदचा वकील सांगत होता," बाल्दोमेरो म्हणाला.

"माद्रिदमध्ये तसंच. तुम्ही दोघं इथलेच ना, ओलिव्हेन्साचे? लग्नाआधी काही करार?"

"करार कसला? आमच्यात डुक्कर घेतानासुद्धा कागद करत नाहीत."

"मग बायलिओची रीत लागू. मोजक्या गावांपुरती आहे, पण कायदाच आहे. लग्न लागलं की दोघांचं सगळं एक. आणलेलं, कमावलेलं, वारशाचं, सगळं निम्मं निम्मं."

कासिल्दा खुर्चीत पुढं सरकली. इतकी वर्षं संसार केला आणि हे कुणी सांगू नये?

"ह्याच्या बापाचं घड्याळ?"

"निम्मं."

"खेचर?"

"निम्मं."

"पुढचा भाग तुझा," बाल्दोमेरो पुटपुटला. "चारा तू घालायचा."

"आणि लाथा तू खायच्या. रोजच्यासारख्या."

नोटरीबाईंनी हसू दाबलं. कासिल्दाला आता भलतीच गोडी लागली होती. कोंबड्या झाल्या, तळघरातली दारूची पिंपं झाली. मग बाल्दोमेरोनं हळूच विचारलं, "आणि हिच्या मावशीचं तालिगातलं घर?"

"तेही निम्मं."

कासिल्दाचा चेहरा उतरला. त्या घराची किल्ली तिनं मावशी गेल्यापासून गळ्यात बांधली होती. भांडण झालं की तिथं जाऊन बसायची. नवऱ्याला उंबरा ओलांडू दिला नव्हता. जगात आपलं म्हणावं असं तेवढंच तर होतं.

नोटरीबाईंनी पेन पुढं केलं. तिनं ते घेतलं, न्याहाळलं आणि परत ठेवलं.

"मी नाही सही करणार. झाडं राहू देत."

बाहेर चौकात बाल्दोमेरो तोंड फुगवून चार पावलं पुढं चालला होता. आज जेवणार नाही म्हणाला. कासिल्दा थांबली. गळ्यातली दोरी काढायला हात धजेना. शेवटी काढली आणि हाक मारून किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

त्यानं किल्ली उलटीसुलटी करून पाहिली.

"आत आहे तरी काय?" त्यानं विचारलं.

"एक खुर्ची," ती म्हणाली. "दुसरी आणावी लागेल."