ऑरिनला दाखवलेला पक्षी

ऑरिन टॅकेटची नजर मधोमध गेली होती. समोर पाहिलं की मध्यभागी एक धुरकट डाग आणि कडेकडेने जग. समोरच्याचा चेहरा बघायचा तर तो त्याच्या कानाकडे बघायचा. मेक्सिकोच्या सीमेजवळच्या आमच्या बिस्बी गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं, त्यामुळे तो बोलताना भलतीकडे बघत असला तरी कुणाला काही वाटत नसे.

तांब्याची खाण बंद पडली तेव्हापासून ऑरिन आणि त्याचा दोस्त कुको ओचोआ यांनी मिळेल ते काम केलं आणि उरलेल्या वेळात पक्ष्यांचे फोटो काढले. दोघांची जन्माची चुरस. "तुझ्या फोटोत पक्षी कमी आणि फांद्या जास्त," असं कुको म्हणायचा. "तुझ्या फोटोतला पक्षी तुझं तोंड बघून उडालेला असतो," असं ऑरिन म्हणायचा. डोळे गेल्यावर ऑरिनचा कॅमेरा त्याच्या मुलीच्या, मार्लीसच्या गळ्यात आला.

मार्लीस पन्नाशीची. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती बापाकडे राहायला आली होती. किराणा दुकानाच्या बेकरीत तिची पहाटेची पाळी असे, आणि सुट्टीचा दिवस बापाचा. पक्ष्यांचं तिला लहानपणापासून काही वेड नव्हतं. पण बापाला नाही म्हणणं तिला कधी जमलं नाही.

त्या मे महिन्यात ऑरिनने ट्रोगॉनचा ध्यास घेतला. हिरव्या पाठीचा, लाल पोटाचा हा पक्षी मेक्सिकोतून उन्हाळ्यापुरता आमच्या डोंगरांतल्या घळींत येतो.

"यंदा बघून घेतो," ऑरिन म्हणाला. "पुढच्या वर्षी मला तुझं नाकसुद्धा दिसायचं नाही."

"माझं नाक न बघितलेलंच बरं," मार्लीस म्हणाली आणि गाडीत पाण्याच्या बाटल्या भरल्या.

खाली वाळवंट तापलेलं होतं. वर घळीत सायकॅमोरच्या झाडांची सावली होती, पण ओढा आटलेला आणि वारा गरम. दुसऱ्या वळणानंतर उंच दरड लागते, तिच्यावर एक दुभंगलेलं झाड आहे. ऑरिन तिथे थांबला, मान तिरकी करून ऐकत राहिला. ट्रोगॉनचा आवाज घोगरा, भुंकल्यासारखा. तो आलाच नाही. सकाळ गेली, दुपार डोक्यावर आली. मार्लीस आदल्या दिवशी कणीक मळून आलेली, पाय सुजलेले, कॅमेऱ्याचा पट्टा मानेत रुतलेला.

"डॅड, जाऊ या ना आता."

"जरा वर जाऊ. अजून एक वळण."

"तू मघाशीही एकच वळण म्हणाला होतास."

"मग हे दुसरं एक."

तो काठी टेकत वर निघाला. मार्लीसने त्याच्या घामाने भिजलेल्या पाठीकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "डॅड, हलू नकोस! तो बघ. आडव्या फांदीवर."

ऑरिन जागच्या जागी थिजला. "कुठे? दरडीवरच्या झाडात?"

"हो. मधल्या फांदीवर."

"पोट आपल्याकडे आहे?"

"हो. लालभडक."

"मग बोलत का नाही?"

"तुझ्यासारखा बडबड्या नसेल."

म्हातारा हसला. मान डावीकडे, उजवीकडे तिरकी करत तो शोधू लागला आणि मग एकदम स्तब्ध झाला. "दिसला," तो हळूच म्हणाला. "लाल दिसला गं मला." त्याने मान तशीच तिरकी धरून ठेवली. "फोटो काढ, मार्लीस. फोटो काढ!"

मार्लीसने कॅमेरा डोळ्याला लावला आणि रिकाम्या फांदीवर बटण दाबलं. मग म्हणाली, "गेला. फोटो हलला बहुतेक."

"हलू दे. मी बघितला ना!"

परतीच्या वाटेवर ऑरिन गात होता. मार्लीसला वाटलं, कुणाचं काय बिघडलं? म्हातारा खूश आहे, मी घरी चालले आहे. पण घरात पाऊल टाकताच ऑरिनने फोन उचलला.

"कुको, आहेस का मेलास? बघितला मी ट्रोगॉन! दुसऱ्या वळणानंतर, दरडीवर, ते दुभंगलेलं झाड आहे ना, तिथे. तुझी मोठी लेन्स घेऊन जा. दरड चढून गेलास तर थेट समोर बसेल."

मार्लीस स्वयंपाकघरात बीन्स गरम करत होती. तिला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. ती दारात आली आणि म्हणाली, "डॅड, टीओंना सांग, फार ऊन आहे, राहू दे." कुकोला ती लहानपणापासून टीओ म्हणायची, काका.

"उन्हाने काय होतंय त्याला? खाणीत जन्म गेलाय त्याचा," ऑरिन म्हणाला. मार्लीस परत बीन्सपाशी गेली. तेवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी कुको एकटा गेला. दरड चढताना माती सुटली आणि तो लेन्ससकट खाली ओढ्यातल्या दगडांवर आला. खुब्याचं हाड मोडलं. सकाळपासून दुपार कलेपर्यंत तो उन्हात तसाच पडून होता. डोंगर चढायला आलेल्या एका जोडप्याला त्याच्या हाका ऐकू आल्या म्हणून वाचला.

पुढच्या दिवशी त्याच्या पुतणीचा फोन आला तेव्हा मार्लीस नुकतीच कामावरून आली होती. तिने अंगावरचा एप्रनही काढला नाही. बापासमोर खुर्ची ओढून बसली आणि सगळं सांगून टाकलं.

ऑरिन ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो तिच्या कानाकडे बघत बसून राहिला.

"फांदीवर काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं, डॅड."

"मग मी काय बघितलं?"

तो बराच वेळ स्वतःचे गुडघे चोळत होता. मग म्हणाला, "बूट दे माझे. दवाखान्यात जायचंय."

कुको पांढऱ्या चादरीत लहानसा दिसत होता. ओठ उन्हाने फाटलेले. ऑरिनला बघताच म्हणाला, "ये आंधळ्या. तुझा पक्षी काही घरी नव्हता."

"नव्हताच तो," ऑरिन म्हणाला. "मी फेकली तुझ्यापुढे. मला काही दिसलं नव्हतं."

कुकोचं हसू गेलं. "म्हणजे?"

"म्हणजे बढाई मारली. तुला जळवायला."

"दारूचं खोटं बोल, बायकांचं बोल. पक्ष्याचं खोटं? आणि माझ्याशी?"

ऑरिन मान खाली घालून उभा राहिला. मार्लीस त्याच्या मागे होती. बापाने तिच्यासाठी वाट मोकळी करून दिली होती. तिने फक्त गप्प राहायचं होतं आणि एक क्षण, खरं सांगायचं तर एका क्षणापेक्षा जास्त, ती गप्प राहिली. कुकोने तोंड भिंतीकडे फिरवलं. ते मात्र तिला बघवेना.

"टीओ, खोटं मी बोलले. डॅडला मीच सांगितलं पक्षी आहे म्हणून. तुम्हाला फोन केला तेव्हाही मी तिथेच होते."

"तुला कुणी विचारलं होतं?" ऑरिन तिच्यावर खेकसला. त्या सगळ्या प्रकरणात तो चिडला तो एवढाच.

कुकोने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी तो तिला खांद्यावर बसवून गावभर फिरवायचा. "मिहा," तो म्हणाला, पोरीला म्हणतात तसं, "नुसतं दमले म्हणायचं होतंस. मीही आलो असतो, आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी तुला उचलून घरी आणलं असतं."

तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं मार्लीस नंतर माझ्या बायकोला म्हणाली.

कुको बरा झाला, पण पाय आखडला तो आखडलाच. घळीत चढणं संपलं. शरद ऋतूत तो पुन्हा गाडी चालवू लागला आणि दोघे म्हातारे खालच्या पाणथळीवर जायला लागले. तिथे गाडीतून उतरलं की समोरच क्रौंच दिसतात, चढावं लागत नाही. मार्लीस त्यांच्यासाठी पोळीत बीन्स भरून बरीतो करायची आणि कागदात गुंडाळून द्यायची. एका सुट्टीच्या दिवशी तिने विचारलं, "मी येऊ?"

ऑरिन कोट घालत होता. "तू दमतेस, मार्लीस," तो म्हणाला. "झोप काढ."

आवाजात जराही धार नव्हती. गाडी उतारावरून गेली. मार्लीस कपड्यांनिशी पलंगावर पडली, पण तिचा डोळा लागला नाही.

संध्याकाळी ऑरिन परतला, तेव्हा तिने त्याच्या हातातली टोपी घेतली. "काय काय दिसलं?"

"मला काही दिसलं नाही," तो म्हणाला. "कुकोने सांगितलं ते ऐकलं. पुष्कळ होते म्हणे."

आणि हात धुवायला गेला.